चुना ओला असेपर्यंत

मंगळुरूला चाललेय म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. घी रोस्ट खाल्ल्याशिवाय परतू नकोस, हा एक. आणि दुसरा, अलोशियस कॉलेजातलं चॅपेल बघ, ते दक्षिणेचं सिस्टिन आहे. पहिल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसरा सल्लाही चांगलाच आहे, फक्त त्याचं शेपूट मला सोसत नाही. आपल्याकडे प्रत्येक सरोवराला कुठलं तरी व्हेनिस आणि प्रत्येक डोंगराला कुठलं तरी स्वित्झर्लंड चिकटवल्याशिवाय पर्यटन खात्यांना चैन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टिनचं छत रंगवलं ते १५०८ ते १५१२ या काळात, पोपच्या खासगी चॅपेलमध्ये. मंगळुरूचं चॅपेल रंगलं एकोणिसावं शतक संपता संपता, आणि तेही शाळाकॉलेजच्या पोरांसाठी. मायकेलअँजेलो शोधत आलेला माणूस इथे दहा मिनिटं माना वर करून फिरतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि निघून जातो. त्यात चॅपेलचा काही दोष नसतो.

लाइटहाउस हिलच्या चढावर हे कॉलेज आहे. बाहेरून चॅपेल म्हणजे पांढरी, उभट, नीटनेटकी इमारत. रिक्षातून जाताना कॉलेजचाच एखादा हॉल समजून तुम्ही पुढे जाल. डिसेंबर १८७८च्या अगदी शेवटी इटालियन जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचे लोक, मंगळुरूत उतरले, १८८०मध्ये त्यांनी कॉलेज काढलं आणि त्याच दशकात हे चॅपेल उभं राहिलं. इथल्या कॅथलिकांची मुळं बहुतेक गोव्यातली. इन्क्विझिशन म्हणजे चर्चची धर्मचौकशी, दुष्काळ, रोगराई, आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या, म्हणजे १६८३ची संभाजीराजांची आणि पुढे १७३९ची, अशा एकेका लाटेबरोबर माणसं दक्षिणेला सरकत गेली. आपल्या पाठ्यपुस्तकात जी स्वारी पराक्रम म्हणून येते, ती इथल्या घरांत आजोबा-पणजोबांनी गाव सोडल्याचं कारण म्हणून येते. मी वेंगुर्ल्याकडची. इथल्या बायकांचं कोंकणी कानावर पडलं की निम्मं कळतं आणि निम्मं कळल्यासारखं वाटतं. लिहितात मात्र कानडी लिपीत, त्यामुळे सूचनाफलकासमोर मी ठार निरक्षर.

आत पाऊल टाकलं की पहिला झटका बसतो तो जागाच रिकामी नसण्याचा. भिंती, कमानी, कमानींच्या मधली तिकोनी जागा, छताचे उतार, छताचा मधला पट्टा, सगळं भरलेलं. मला अशा भरगच्चपणाची जरा धास्तीच वाटते. पण बाकावर बसून राहिलं की हळूहळू उलगडा होतो की या गर्दीला रांगा आहेत. खालच्या भिंतींवर ख्रिस्ताचं आयुष्य. वर कमानींच्या रांगेत संत. छताच्या उतरत्या बाजूंवर प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, आणि त्यांच्या आसपास फुलांच्या माळा धरलेले देवदूत. वेदीच्या वर जेझुइट मंडळी. आणि छताच्या ऐन मध्ये, जिथे नजर शेवटी जातेच, तिथे ज्याच्या नावाने हे सगळं आहे तो मुलगा.

मुलगाच म्हणायचं, कारण संत अलोशियस गोंझागा गेला तेव्हा पुरता चोवीस वर्षांचाही नव्हता. जन्म १५६८चा, उत्तर इटलीतल्या कास्तिल्योने गावी, जहागीरदाराच्या घरात. थोरला असल्याने जहागीर त्याचीच. बापाची इच्छा पोराने तलवार धरावी अशी. स्पेनच्या राजवाड्यात राजपुत्राच्या तैनातीला राहून आला, आणि दरबारी थाट जवळून बघितल्यावर त्याचं त्यावरून मनच उडालं. १५८५मध्ये सगळा वारसा धाकट्या भावाच्या नावे करून तो जेझुइटांकडे गेला. १५९१मध्ये रोममध्ये साथ आली. हा रोग्यांना उचलून आणायचा, धुवायचा, भरवायचा. त्यातच त्याला लागण झाली आणि २१ जूनला तो गेला. पुढे १७२६मध्ये तो संत ठरला आणि तीनच वर्षांत विद्यार्थ्यांचा पालक संत.

छतावर हीच गोष्ट एकेका चौकटीत लावलेली आहे: कार्डिनल बोरोमिओंच्या हातून पहिलं कम्युनियन (पवित्र भाकर घेण्याचा विधी), वारसाचा त्याग, साथीच्या रोग्यांची सेवा, आणि मग स्वर्गातला गौरव. गौरवाचं चित्र मोठं आहे, रंगही त्यालाच जास्त लागलाय, पण मला त्यात फार रस वाटला नाही. ढग, किरण, पंख. अशा वेळी सगळेच चित्रकार सारखे होतात. रोग्याच्या चित्राशी मी खिळले. अंगाखाली हात घालून आजाऱ्याला उचलताना ज्याला उचलायचं त्याचं वजन कुठे पडतं, हे ज्याने आपल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्याला ताबडतोब कळतं. असा मुलगा बाकांच्या बरोब्बर वर ठेवायचा आणि खाली चौदा-पंधरा वर्षांची, चांगल्या घरातली, पुढे वकील-डॉक्टर होऊ घातलेली पोरं बसवायची. जेझुइटांना शाळा चालवता येते असं उगाच म्हणत नाहीत.

चित्रकाराचं नाव अँटोनिओ मोस्केनी. १८५४ साली बेर्गामोजवळच्या स्तेझ्झानो गावात जन्मला, बेर्गामोच्या कारारा अकादमीत शिकला, हाताला काम आणि नावाला किंमत आल्यावर पस्तिशीत, १८८९मध्ये जेझुइटांत दाखल झाला. दाखल झाला तो ब्रदर म्हणून. आपल्याकडे कॅथलिक नसलेल्यांना फादर आणि ब्रदर यातला फरक सहसा ठाऊक नसतो. फादर मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो, प्रवचन देतो. ब्रदर यातलं काहीच करत नाही. तो स्वयंपाकघर बघेल, सुतारकाम करेल, बाग राखेल, आजाऱ्यांची खोली सांभाळेल. व्रतं तीच, जेवणाचं टेबल तेच, पण वेदीपाशी उभं राहणं त्याच्या वाट्याचं नाही. मोस्केनीच्या वाट्याला भिंती आल्या. ज्या वेदीवर त्याला कधी मिस्सा म्हणता येणार नव्हती तिच्या मागची, वरची, आजूबाजूची प्रत्येक वीत त्याने हाताने भरली. मला हे फार आवडतं. आणि यात मला त्याग वगैरे काही दिसत नाही. उलट गडी मजेत असणार असंच चित्रं बघून वाटतं.

१८९९च्या सुमारास तो आला आणि १९०१पर्यंत त्याने हे काम उरकलं. उरकलं हाच शब्द योग्य आहे, कारण भित्तिचित्राच्या कामात रेंगाळायला जागाच नसते. भिंतीवर चुन्याचा ताजा गिलावा चढवायचा, तोही त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच. चुना ओला असेपर्यंत पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावायचे. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. म्हणजे रंग भिंतीवर राहत नाही, भिंतीतच जातो. संध्याकाळी जो तुकडा मनासारखा झाला नाही तो खरवडून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात. चुना तिखट, त्यामुळे सगळे रंग त्यात टिकतही नाहीत. माती आणि लोखंडाच्या गंजातून येणारे गेरू, पिवडी, तपकिरी हे गुणी. बाकीच्यांचा भरवसा नाही. शिवाय ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका होतो, तेव्हा आज काय दिसतंय ते सोडून महिन्याने काय दिसेल ते मनात धरून हात चालवावा लागतो.

हे झालं भिंतींचं. छताची चित्रं कॅनव्हासवर तैलरंगात केलेली आहेत. एकाच खोलीत दोन वेगळ्या जातींची चित्रं, म्हणजे दुखणीही दोन जातींची.

आणि दुखणी यायला मंगळुरूइतकी सोयीची जागा नाही. पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात. समुद्र हाकेवर, हवेत मीठ. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराच्या भिंतीला जो रोग होतो तोच इथे होतो: खालून ओल चढते, ओलीबरोबर क्षार चढतात, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागाखाली फुलून गिलाव्याला आतून ढकलतात. लोणा लागला म्हणतो ना आपण, तोच. घरच्या भिंतीचे पोपडे पडले की आपण केरसुणीने झाडून चुन्याचा हात मारतो. इथे प्रत्येक पोपड्याबरोबर कुणाचा तरी कान, कुणाची तरी बोटं जातात. वरच्या कॅनव्हासला गळतीची भीती. ओलंसुकं होताना कापड ताणतं-आकसतं, आणि त्यावरचा रंगाचा थर काही तितका लवचीक नसतो, तो तडकतो. बुरशीला तर तैलरंग, डिंक, सरस हे सगळं खाद्यच.

नव्वद-पंचाण्णव पावसाळे झेलल्यावर, १९९१ ते १९९४ या काळात वारसा जतन करणाऱ्या ‘इनटॅक’ या संस्थेच्या कलासंवर्धकांनी इथलं काम हातात घेतलं. असं काम चालतं कसं हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही, म्हणून थोडं थांबते. अशा भिंतीची तपासणी आधी कानाने होते. बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत जायचं. गिलावा भिंतीला धरून असेल तर आवाज भरीव, सुटला असेल तर पोकळ. पोकळ जागांच्या खुणा करायच्या आणि सुईतून चुन्याचं पातळ कालवण आत सोडून गिलावा पुन्हा भिंतीला चिकटवायचा. मग साफसफाई, बोटाएवढ्या काडीला कापूस गुंडाळून, टिकलीएवढी जागा एका वेळी. धूळ, धूर, जुनी वार्निशं, आधीच्या कुणी हौसेने मारलेले रंगाचे हात हे सगळं काढायचं, आणि मूळ रंगाला लागायच्या आत थांबायचं. कौशल्य बहुतेक त्या थांबण्यातच असावं.

सगळ्यात अवघड प्रश्न त्यानंतर येतो. जिथे रंग गेलाच आहे तिथे काय करायचं? कोरं ठेवलं तर डोळा प्रत्येक वेळी त्या भोकावर जाऊन अडखळतो. आपल्या मनाने भरलं तर ते मोस्केनीच्या नावावर केलेलं खोटं. विसाव्या शतकात रोमच्या संवर्धनसंस्थेने यावर एक तोड काढली: गेलेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून रेघा मिसळून रंग सलग वाटतो आणि चित्र पुरं दिसतं. हातभरावरून रेघा सुट्या दिसतात आणि कळतं की इथे मूळ नाही. शिवाय वापरायचा रंग असा की उद्या कुणाला काढावासा वाटला तर मूळ चित्राला धक्का न लावता निघावा. आपण केलेलं काम उद्याच्याला पुसता आलं पाहिजे, ही अट स्वतःवर घालून घेणारे धंदे फार नसतील.

हे सगळं समजून घेताना मला सारखी आमच्याकडची देवळं आठवत होती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तळकोकणात जीर्णोद्धाराची जी लाट आली, तिच्यात किती कोरीव लाकडी सभामंडप गेले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. खांब फणसाचे, त्यांवरची वेलबुट्टी कुठल्या तरी पिढीतल्या सुताराने महिनोन्महिने बसून काढलेली. ते उतरवायचे, जळाऊ म्हणून द्यायचे किंवा मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याला विकायचे, आणि तिथे स्लॅब, चकचकीत फरशी, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स. वर देणगीदारांची संगमरवरी पाटी. गावाची भक्ती खोटी नसते, पैसाही पै पै करून जमवलेला असतो. देवाला चांगलंचुंगलं मिळावं ही भावना मला कळते. पण चांगलं म्हणजे नवं, हे कुठून शिकलो आपण? देवळाच्या बैठकीत हा प्रश्न विचारून मी एकदा बरीच अप्रिय झाले आहे, तेव्हा इथे जास्त लिहीत नाही.

अलोशियसच्या चॅपेलमधली चित्रं नवी दिसत नाहीत, हे तिथल्या कामाचं मोठं यश आहे. ती शंभर-सव्वाशे वर्षांची पण धडधाकट दिसतात. भिंतीच्या अगदी जवळ गेलं तर एका कोरीव दगडी पट्टीवर बोट फिरवून धूळ बघावीशी वाटते, आणि लक्षात येतं की पट्टी नाहीच, रंग आहे. खिडकीतून खरा उजेड ज्या बाजूने येतो ते धरून पट्टीच्या कडेला सावली ओढलेली आहे. नक्षी, चौकटी, उठाव यातलं बरंचसं असंच, सपाट भिंतीवर नुसत्या छायेने उभं केलेलं. हात लावू नका म्हणून सांगणारा माणूस जवळच असतो. त्याला बोटं पुढे करणारी माणसं रोजच दिसत असणार.

रविवारी मिस्सेला मी मागच्या बाकावर बसले. मी ख्रिस्ती नाही; अशा वेळी कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे पुढच्यांकडे बघून करावं लागतं आणि आपण अर्धा श्वास मागे राहतो. पण तास-सव्वा तास एका जागी बसल्यावरच ही चित्रं काय कामाची आहेत ते मला कळलं. मोस्केनीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये असे, आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, लॅटिनमध्येच राहिली. बाकावरच्या पोराला शब्द कळायचे नाहीत. मग त्याने तासभर करायचं काय? बघायचं. काना गावच्या लग्नातले रांजण, यार्देन नदीतला बाप्तिस्मा, मुलांना जवळ घेणारा येशू. रोज तेच. पहिल्या वर्षी चेहरे, दुसऱ्या वर्षी हात, तिसऱ्या वर्षी मागे उभा असलेला कुणी तरी बिननावाचा माणूस. पर्यटकाच्या दहा मिनिटांसाठी हे रंगवलेलंच नाही. हे वर्षानुवर्षांच्या कंटाळ्यासाठी रंगवलेलं आहे, आणि कंटाळलेल्या डोळ्याइतकं बारकाईने कुणीच बघत नाही.

आता प्रार्थना लोकांच्या भाषेत होते; आपल्या वसईत मराठीत, इथे कोंकणीत आणि इंग्रजीत. तेव्हा बघण्याची तेवढी निकड उरलेली नाही. तरी माझ्या पुढच्या बाकावरचा एक मुलगा प्रवचन सुरू झाल्यावर जो छताकडे लागला तो लागलाच. आईने कोपराने ढोसलं तेव्हा खाली आला. मोस्केनीने हे पाहिलं असतं तर तो आईच्या बाजूने गेला असता असं मला काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र खुपते आणि ती सांगितली पाहिजे. या एवढ्या भिंतींवर मंगळुरू कुठेच नाही. माड नाही, खाडी नाही, कुणबिणीचा चेहरा नाही. येशूची आई मारिया गोरी, प्रेषित गोरे, झाडं इटलीतली. १९०० साली इटालियन माणसाकडून दुसरं काही अपेक्षित धरण्यात अर्थ नाही हे मान्य. पण याच किनाऱ्यावरच्या गोव्यात १९०२मध्ये अँजेलो द फोन्सेका जन्मला, शांतिनिकेतनात शिकला आणि त्याने मारियेला साडी नेसवली. घरच्या लोकांना ते रुचलं नाही. गोव्यातून टीका झाली आणि तो पुण्यात येऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. १९६७मध्ये पुण्यातच गेला. ज्यांच्या डोळ्यांना मोस्केनीच्या मारियेची सवय झाली होती, त्यांना आपल्याच मावशीसारखी दिसणारी मारिया परकी वाटली. चित्रांची ताकद अशी दोन्ही बाजूंनी चालते. फोन्सेकाची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. मंगळुरूहून परत येताना वाटेतच पर्वरी लागते. दोन्ही एकाच फेरीत बघावीत असं मी सुचवेन, आणि तेही याच क्रमाने.

मोस्केनी इटलीला परत गेला नाही. मंगळुरूनंतर त्याच्या हातात कोचीचं सांताक्रूझ कॅथेड्रल आलं. तिथली पोर्तुगीजांची जुनी इमारत इंग्रजांनी १७९५मध्ये पाडली होती; नवी उभी राहिली आणि आतलं रंगकाम याच्याकडे. खांब, छत, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे मोठाले कॅनव्हास, लिओनार्दोच्या धर्तीचं शेवटचं भोजन. १५ नोव्हेंबर १९०५ला तो कोचीतच वारला, वय अवघं एक्कावन्न. चर्चचा अभिषेक चारच दिवसांनी, १९ला झाला. वय अवघं एक्कावन्न.

त्या कामात त्याच्या हाताखाली मंगळुरूचाच द गामा नावाचा शिष्य होता. म्हणजे लाइटहाउस हिलच्या त्या चढावर ओला चुना नुसता भिंतींनाच लागला नाही, कुणाच्या तरी हातालाही लागला. कोचीला गेलात तर खांबांवरचं कुठलं काम गुरूचं आणि कुठलं शिष्याचं हे शोधायचा मोह होईल. मी अर्धी दुपार त्यात घालवली. मान आखडली, आणि शेजारच्या बाकावरच्या मावशींनी मला काही तरी मोठं संकट आलंय असं समजून माझ्यासाठीही एक मेणबत्ती लावली.